मीठ अडवणारी मुळं

मीठ हा आपल्या भाषेतला इमानाचा शब्द आहे. खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण म्हणतो. मीठ नसेल तर पंचपक्वान्नंही अळणी. पण तोच शब्द नको तिथे पडला की मिठाचा खडा होतो आणि भांडंभर दूध नासतं. शेतकऱ्याला मिठाची ही दुसरी बाजू जास्त ओळखीची आहे. रानाला खार आला, जमीन चोपण झाली, क्षारपड झाली, असं तो सांगतो तेव्हा घरातलं कर्तं माणूस अंथरुणाला खिळल्यासारखा त्याचा आवाज असतो.

मी कवितेच्या वाटेने चालणारा, बी.ए. झालेला माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरताच. तरी एक साधा प्रश्न मला नेहमी पडत आला. मीठ पिकाच्या मुळाला नेमकं करतं काय? आणि एकाच खाऱ्या मातीत एक पीक करपतं, दुसरं तग धरतं, ते कशाच्या जोरावर? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. तो जितका प्रयोगशाळेतला आहे, तितकाच बांधावरचा आणि कालव्याकाठचा आहे.

या इतिहासाची जुनी पानं मातीच्या पाट्यांवर लिहिलेली आहेत. आज ज्याला आपण इराक म्हणतो, त्याच्या दक्षिण भागात तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या काठी सुमेर लोकांची नगरं होती. कालवे काढून शेती करणारे हे लोक हिशेबाला पक्के होते. किती धान्य आलं, कुठल्या शेतातून आलं, हे ते ओल्या मातीच्या पाट्यांवर कोरून ठेवत. थॉर्किल्ड जेकबसन आणि रॉबर्ट ॲडम्स या दोन संशोधकांनी या नोंदी अभ्यासून १९५८ साली एक गाजलेला लेख लिहिला. त्यांच्या मांडणीनुसार इसवी सनापूर्वी ३५००च्या सुमाराला तिथे गहू आणि जव जवळपास सारख्या प्रमाणात पिकत होते. हजार वर्षांनी गव्हाचा वाटा एक षष्ठांशावर आला. इसवी सनापूर्वी २१०० पर्यंत तो शंभरात दोन उरला आणि १७०० च्या सुमाराला दक्षिणेतून गहू उठलाच. जव मात्र टिकला, कारण जव गव्हापेक्षा जास्त खार सोसतो. पुढच्या काही अभ्यासकांनी या निष्कर्षांना हरकती घेतल्या आहेत. सुमेरच्या ऱ्हासाचं सगळं खापर मिठावर फोडता येणार नाही, हे त्यांचं म्हणणं विचारात घ्यायला हवं. पण कालव्याचं पाणी आलं आणि त्याला बाहेर जायला वाट मिळाली नाही की मागे खार राहतो, हा धडा त्या पाट्यांमधून मिळतो.

हा धडा आपल्या दाराशीही गिरवला गेला. भाटघरच्या धरणाचं पाणी नीरा डाव्या कालव्यातून १८८५च्या सुमाराला बारामतीच्या बाजूला आलं. दुष्काळाने गांजलेल्या मुलखात उसाचे मळे उभे राहिले. पण काळी जमीन भारी, पाणी धरून ठेवणारी. वरून पाणी मिळत राहिलं आणि खालच्या पाण्याची पातळी चढत गेली. दिव्याची वात जसं तेल वर ओढते, तसं मातीचे बारीक कण खालचं पाणी वर ओढतात. पाणी उन्हात उडून जातं, त्यात विरघळलेले क्षार मात्र तिथेच राहतात. काही वर्षांत मळ्यांवर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर दिसू लागला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खाऱ्या जमिनींवर १९१० साली एक पुस्तिका काढली. उत्तरेत तर त्याआधीच, १८७०च्या दशकात, 'रेह' म्हणजे अशाच पांढऱ्या क्षारांच्या चौकशीसाठी सरकारला समिती नेमावी लागली होती.

यातली एक गोष्ट मनाला लागते. कुठलं पीक किती खार सोसतं याचा तक्ता अमेरिकेतल्या मास आणि हॉफमन यांनी १९७७ साली तयार केला. मातीच्या अर्कातून वीज किती सहज वाहते, यावरून खार मोजतात. या मापावर जवाचं उत्पन्न आठाच्या पुढे घटू लागतं, गव्हाचं सहाच्या पुढे, भाताचं तीनच्या पुढे. आणि ऊस? त्याची मर्यादा एक पूर्णांक सात. म्हणजे ज्या पिकाला आपण सर्वांत जास्त पाणी पाजलं आणि त्या पाण्याबरोबर खार वर आणला, त्याच पिकाला तो खार फारसा सोसवत नाही.

आता मुळाकडे वळू. मिठाने पीक का मरतं, याचं पहिलं शास्त्रीय उत्तर होतं तहान. डच शास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीस यांनी १८७०-८०च्या दशकांत वनस्पतीच्या पेशी खाऱ्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशीतलं पाणी बाहेर गेलं आणि आतला जिवंत भाग भिंतीपासून सुटून आक्रसला. आपल्या घरातलं उदाहरण घ्या. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळाने पातेल्यात पाणी सुटतं. खाऱ्या मातीत मुळाची गत तशीच होते. आजूबाजूला पाणी असतं, पण ते मिठाच्या ताब्यात असतं, मुळाला ते ओढून घेता येत नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी १८९८ साली आपल्या ग्रंथात अशा ओल्या जागेतल्या दुष्काळाची कल्पना मांडली.

हे उत्तर खरं होतं, पण अर्धं. ऑस्ट्रेलियातल्या राना मन्स यांनी पुढे दाखवलं की मिठाचा मार दोन टप्प्यांत बसतो. पहिला लगेच बसतो, तो तहानेचा. पानांची वाढ मंदावते. दुसरा सावकाश येतो. दिवस, आठवडे जातात, पानांत मीठ साठत जातं आणि जुनी पानं कडेने करपू लागतात. हा दुसरा मार पेशीच्या रसायनातला आहे.

मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन भाग होतात, सोडियम आणि क्लोराइड. भातागव्हात जास्त उपद्रव सोडियमचा. वनस्पतीच्या पेशीला हवं असतं पोटॅशियम. पन्नासाहून जास्त विकरं, म्हणजे एन्झाइम, आपलं काम करायला पोटॅशियमवर अवलंबून असतात. प्रथिनं घडवण्याच्या कामातही ते लागतं. सोडियम आणि पोटॅशियम हे रसायनातले चुलतभाऊ. दोघांवर विजेचा सारखाच भार, चेहरेपट्टी मिळतीजुळती, सोडियम अंगाने जरा लहान. त्यात पेशीच्या आतल्या बाजूला विजेचा ऋण भार असतो, म्हणून धन भाराचा सोडियम आत ओढलाच जातो. आत येऊन तो पोटॅशियमची जागा अडवतो, पण त्याचं काम मात्र करत नाही. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून कागद अडवून ठेवणारा कारकून आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. तसंच हे.

मग मूळ या दोघांत निवड कशी करतं? कॅलिफोर्नियातले इमॅन्युएल एपस्टीन यांनी १९५०च्या दशकात जवाची मुळं घेऊन या प्रश्नाचा पाठपुरावा केला. मूळ म्हणजे नुसता टिपकागद नव्हे, आत कुणाला घ्यायचं हे ठरवणारी यंत्रणा त्याच्या पेशींच्या पडद्यात आहे, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झालं. १९६१ साली त्यांनी दाखवलं की भोवतीच्या पाण्यात कॅल्शियम असेल तरच ही निवड शाबूत राहते. कॅल्शियम नसेल तर सोडियमला मोकळं रान मिळतं. चोपण जमिनीत जिप्सम टाकतात, त्यातही कॅल्शियमच असतं. तिथे त्याचं मुख्य काम मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम सोडवण्याचं, म्हणजे माती पुन्हा भुसभुशीत करून पाण्याला वाट देण्याचं. पण त्याचा मुळालाही आधार होतो.

यानंतर आला तो प्रयोग मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. समुद्रकाठच्या खाऱ्या दलदलीत काही झुडपं मजेत वाढतात. त्यांच्या पेशींतली विकरंच मुळात चिवट असतील, मिठाला न जुमानणारी असतील, असं कुणालाही वाटेल. हँक ग्रीनवे आणि बॅरी ऑस्मंड यांनी १९७२ साली अशा खाऱ्या झुडपांची विकरं काढून घेतली, घेवड्यासारख्या नाजूक पिकाची काढली आणि दोन्ही मिठाच्या पाण्यात तपासली. दोन्ही सारखीच कोलमडली! खाऱ्या दलदलीतल्या झुडपाचं अंतरंग घेवड्याइतकंच कोवळं निघालं. ते टिकतं, कारण ते मिठाला त्या कोवळ्या जागेपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणजे ही ताकद पहाऱ्याची आहे, आणि पहारा म्हटला की तो रात्रंदिवस द्यावा लागतो.

हा पहारा कसा चालतो, ते पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत उलगडलं. मुळाच्या आत, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांभोवती, पेशींचं एक कडं असतं. त्या पेशींच्या भिंतीत पाणी न झिरपू देणारी पट्टी असते. रॉबर्ट कॅस्परी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती कॅस्परी पट्टी. हा मुळाचा बांध. भिंतीभिंतीतून चोरवाटेने आलेलं पाणी इथे अडतं आणि त्याला पेशीच्या पडद्यातून, तपासणी होऊनच पुढे जावं लागतं. मुळाच्या कोवळ्या टोकाशी मात्र हा बांध अजून पुरता उभा राहिलेला नसतो. भाताच्या मुळात अशा वाटांनी बरंच मीठ आत शिरतं, असं इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात दाखवलं.

दुसरा पहारा शिरलेल्या मिठाला बाहेर ढकलण्याचा. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात जिआन-कांग झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपट्यावर काम केलं. मिठाला अतिशय हळवी असलेली रोपं त्यांनी वेगळी काढली आणि त्यांच्यात काय बिघडलं आहे ते शोधलं. १९९६ ते २००० या काळात एक साखळीच हाती आली. खार वाढला की पेशीत कॅल्शियमची एक लहर उठते. एक प्रथिन ती ओळखतं, दुसऱ्याला जागं करतं, आणि दुसरं प्रथिन पेशीच्या पडद्यातल्या तिसऱ्याला कामाला लावतं. हे तिसरं प्रथिन सोडियमला बाहेर काढतं. या साखळीला त्यांनी नाव दिलं एस.ओ.एस. बुडत्या जहाजाची हाक!

तिसरी युक्ती अडगळीच्या खोलीची. पेशीच्या मधोमध रिक्तिका नावाची पाण्याने भरलेली पिशवी असते. उरलेला सोडियम तिच्यात नेऊन कोंडायचा. त्यासाठी लागणारी व्यवस्था ब्लूमवाल्ड आणि पूल यांनी १९८५ साली बिटाच्या कंदात दाखवून दिली. पण पिशवीत मीठ साठलं की बाहेरच्या भागातलं पाणी तिकडे ओढलं जाणार. तो तोल राखायला पेशी प्रोलीन, ग्लायसिन बीटेन असे निरुपद्रवी पदार्थ तयार करून त्या भागात साठवते.

यातलं काहीही फुकट होत नाही. सोडियम बाहेर लोटायला आणि पिशवीत कोंडायला पंप चालावे लागतात, पंपांना ऊर्जा लागते, आणि ती येते पानांनी उन्हात बनवलेल्या साखरेतून. जी साखर दाण्यात उतरायची, ती पहारेकऱ्यांच्या मजुरीत जाते. खार सोसणाऱ्या जुन्या वाणांचं उत्पन्न बेताचं असतं, त्यामागचं हेही एक कारण आहे.

हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे येतो तो कोकणातला खारेपाट. पेण, अलिबाग, पनवेल, उरणच्या खाड्यांकाठी समुद्राला बांध घालून माणसांनी भातशेती उभी केली. बांधाला उघाडी ठेवायची. ओहोटीला शेतातलं पाणी तिच्यातून बाहेर जातं, भरतीला दार लागतं आणि खारं पाणी बाहेर राहतं. पावसाचं पाणी खार धुऊन नेतं, आणि मग मोड आणलेलं भात फेकून पेरतात, त्याला रहू म्हणतात. पीक घ्यायचं ते पावसाळ्याच्या मुदतीत. आणि त्या मातीत टिकायला राता नावाचं लाल तांदळाचं भात होतं. काळा राता, भुरा राता. पुढे शेतकी खात्याने त्यातून काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० असे निवडक वाण काढले. खार सोसणाऱ्या भातांची चर्चा निघते तेव्हा केरळातलं पोक्कली, बंगालमधलं नोना बोक्रा यांच्या पंगतीत कोकणातल्या राताचंही नाव घेतलं जातं.

राता काय, नोना बोक्रा काय, ही भातं कुणा शास्त्रज्ञाने घडवलेली नाहीत. खाऱ्या शेतात जे रोप वाचलं त्याची लोंबी बियाण्याला ठेवायची, एवढाच नेम पिढ्यान् पिढ्या चालला. त्या नेमात काय दडलं होतं ते २००५ साली कळलं. शांघायच्या संशोधकांनी नोना बोक्राचा संकर कोशिहिकारी या नाजूक जपानी भाताशी केला आणि खार सोसण्याला मदत करणारं एक जनुक नेमकं शोधून काढलं. या जनुकाचं काम काय? पाण्याबरोबर वर निघालेला सोडियम नळीतून काढून परत मागे घ्यायचा, पानापर्यंत जाऊ द्यायचा नाही. गव्हातही असंच एक जनुक मिळालं. ते एका प्राचीन, दुर्लक्षित गव्हाकडून ड्युरम गव्हात, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीच्या गव्हात, नेहमीच्या संकराने आणलं गेलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खाऱ्या शेतावर त्याने २५ टक्क्यांपर्यंत जास्त दाणा दिला. सुमेरमध्ये पिकणारा एमर गहू या ड्युरमच्याच कुळातला. तो जवापुढे का हरला असावा, याचा थोडा उलगडा इथे होतो.

आता पुन्हा बांधावर येऊ. मुळाच्या पहाऱ्याला साखर लागते, तशी खारेपाटाच्या पहाऱ्याला माणसाची मेहनत लागते. दर उधाणाला बांध झिजतो, खेकडे तो पोखरतात, चिखल काढून पुन्हा लिंपावा लागतो. १८८३च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये शिलोत्री नावाच्या पद्धतीची नोंद आहे. मूळ बांध घालणारे शिलोत्रीदार दुरुस्तीच्या नावाने दर बिघ्यामागे ठराविक भात घेत. म्हणजे मीठ अडवण्याची किंमत तेव्हाही धान्यातच मोजली जात होती. प्रश्न एवढाच, की मेहनत कुणाची आणि धान्य कुणाचं? याच खारेपाटात, चरी आणि आसपासच्या गावांत, १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. जमिनी न कसण्याचा हा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. पुढे आलेल्या कूळ कायद्यामागे या संपाचा वाटा मोठा मानला जातो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला. बांधांची जबाबदारी बऱ्याच अंशी सरकारकडे गेली. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी जास्त उत्पन्न देणारी भातं दिली. या जमेच्या गोष्टी आहेत. पण दुसरी बाजूही आहे. बांधाला खांड गेली आणि ती वेळेवर बुजवली नाही, की उधाणाचं पाणी आत येतं. काही वर्षांत भाताच्या जागी तिवरं उभी राहतात. काही शेतांवर तर भराव पडून इमारती उभ्या राहिल्या, तिथे खार आणि गोडं हा प्रश्नच मिटला. घाटावर सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठी क्षारपड झालेल्या रानांत भूमिगत निचऱ्याचे सच्छिद्र पाइप टाकले जात आहेत. जिथे ते नीट बसले, तिथे रान पुन्हा पिकतं. पण एकट्याच्या निचऱ्याने भागत नाही. पाणी शेवटी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला जायचं असतं. त्यासाठी गावाने एकत्र बसावं लागतं.

खार सोसणारं नवं बियाणं आलं की सगळं मिटेल, असं आपल्याला वाटतं. चांगलं बियाणं यावंच. पण नोना बोक्राचं मूळदेखील अमर्याद मीठ अडवू शकत नाही. त्याच्या पंपांना जेवढी साखर पुरते तेवढाच त्याचा पहारा. बाहेरचा खार वाढतच राहिला तर चिवटातलं चिवट रोपही एके दिवशी थकतं. मुळाला मदत करायची तर पाटाचं पाणी गरजेपुरतं सोडलं पाहिजे, निचऱ्याची वाट मोकळी ठेवली पाहिजे आणि बांधाची खांड उधाणाआधी बुजवली पाहिजे. मातीच्या आतलं काम मूळ न सांगता करतं आहे. मातीच्या वरचं काम आपल्याकडे आहे, आणि त्याचा हंगाम दरवर्षी पावसाआधी येतो.